रेफरी टीव्हीत बघायला जातो तेव्हा

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये वादाचा निर्णय झाला की झाडून सगळे चिडतात, आणि मी दोह्यातल्या माझ्या सोफ्यावर पुढे सरकून बसते. कारण खेळ थांबतो. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला रेफरी मैदानाच्या कडेला जातो, कानाला हेडफोन लावतो आणि घडलेला प्रकार एका छोट्या टीव्हीत पुन्हा पुन्हा बघतो. तेवढ्या वेळात चॅनेलवाल्यांकडे दाखवायला काही नसतं. मग कॅमेरा प्रेक्षकांतून हिंडायला लागतो. तोंडाला रंग फासलेली पोरं दिसतात, कपाळाला हात लावून बसलेल्या बाया दिसतात, आणि नशीब जोरावर असेल तर कॉलेजचा बँड दिसतो. त्या बँडमध्ये माझा मुलगा झांजा वाजवतो.

हो, झांजा. आम्ही त्याला इथे अनेक वर्षं तबल्याच्या क्लासला नेऊन सोडत होतो. अल मन्सूराच्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधता शोधता माझं अर्धं तारुण्य गेलं. आणि तो अमेरिकेत इंजिनिअरिंगला गेला आणि पहिल्याच वर्षी बँडमध्ये झांजा घेऊन उभा राहिला. म्हणे, ड्रमच्या जागा भरल्या होत्या. तसं बघितलं तर झांज त्याच्या हातात आम्हीच दिली. गणपतीत आरतीला आमच्याकडे पंधरा-वीस माणसं जमायची आणि झांज लहान मुलांकडे असायची. हा ठेका सोडून वाजवायचा आणि मी आरती म्हणता म्हणता त्याच्याकडे डोळे वटारायची. आता हजारो माणसांसमोर वाजवतो, पण ऐकू मात्र येत नाही, कारण वाजवायला लागले की टीव्हीवर जाहिराती सुरू होतात.

मी मॅच बघायला लागले त्याला कारण फुटबॉल नाही. ह्यांनी मला फोनवर समजावून सांगितलं होतं की हा फुटबॉल हाताने खेळतात, बॉल लांबट असतो, आणि इंच इंच पुढे सरकायचं असतं. आमचे हे उत्तरेला गॅसच्या प्लांटवर आहेत, आठवड्यातले बरेचसे दिवस तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतात, आणि कोणतीही गोष्ट पाइपलाइनसारखी समजावतात. मला काही कळलं नाही आणि मी हो म्हटलं. मला एवढंच हवं होतं की पोरगा दिसावा.

कारण तो फोनवर दिसेनासा झाला होता. पहिल्या वर्षी व्हिडिओवर यायचा, खोली दाखवायचा, भांड्यात काय शिजतंय तेही दाखवायचा. मग हळूहळू कॅमेरा बंद. "आई, नेट स्लो आहे." "आई, आय ॲम वॉकिंग." "आई, आय जस्ट वोक अप." काळ्या चौकोनात त्याच्या नावाचं अक्षर असायचं आणि आतून आवाज यायचा, "आय ॲम फाइन." मी मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्याकडे तो शाळेत जायला लागल्यापासूनच चालत आलेलं. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं, इथे घरोघरी तेच आहे. पण पूर्वी इंग्रजी बोलणारा चेहरा तरी समोर असायचा. जेवतो का, रोडावलाय का, डोळ्यांखाली काळं आलंय का, हे आवाजावरून कसं कळणार? सुट्टीत दोनदा यायचं म्हणाला आणि दोन्ही वेळा इंटर्नशिप निघाली.

मग त्याने एकदा बोलता बोलता सांगितलं की शनिवारच्या मॅचला त्यांचा बँड असतो आणि मॅच टीव्हीवर लागते. तिकडे दुपार असते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ उलटलेली असते. मी त्याच दिवशी ह्यांच्याकडून लॅपटॉप टीव्हीला जोडून घेतला.

पहिल्या काही मॅच मी नुसतीच बघत बसले. बँड दिसायचाच नाही. कधी दिसला तर ओझरता, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तुऱ्याच्या उंच टोप्या, हनुवटीखाली पट्टा. आपलं पोर ओळखायचं कसं? मग एका मॅचला काहीतरी भांडण झालं, रेफरी टीव्हीत बघायला गेला, आणि कॅमेरा बँडवर थांबला. शेवटच्या रांगेत, डावीकडून तिसरा. टोपीत चेहरा अर्धा झाकला होता, पण उभं राहताना उजव्या पायावर भार टाकायची सवय मला कुठेही ओळखू येते. मी किंचाळले. घरात कोणी नव्हतं, म्हणून मग ह्यांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "स्कोअर काय झाला?"

त्या दिवशी मी आणखी एक उद्योग केला. एवढ्या लोकांनी पोराला बघितलं म्हणून त्याची दृष्ट काढली. टीव्हीवर ते चित्र थांबवलं, मुठीत मीठ-मोहरी आणि दोन सुक्या मिरच्या घेतल्या आणि पडद्यावरून ओवाळल्या. बाजूचे झांजवालेही त्यात आपोआप आले, येऊ देत, त्यांनाही आया असतील. मग सगळं तापल्या तव्यावर टाकलं. इमारतीचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. आमचा नेपाळी वॉचमन धावत वर आला. "मॅडम, क्या जला?" मी म्हटलं, "कुछ नहीं, मसाला." तो खोकत खोकत आत डोकावला आणि टीव्हीकडे बघून विचारता झाला, "कौनसा मैच है?" "फुटबॉल," मी म्हटलं. तो जरा वेळ बघत राहिला. ज्या देशात आख्खा वर्ल्ड कप होऊन गेला, तिथला वॉचमन. म्हणाला, "ये फुटबॉल नहीं है, मॅडम." आणि सगळ्या खिडक्या उघडून गेला.

तेव्हा मला एक गोष्ट समजली, की निर्णय वादाचा झाला तरच माझा मुलगा दिसणार. सरळ, स्वच्छ खेळ झाला तर कॅमेरा बॉलवरून हलत नाही. त्यामुळे मी देवासमोर दिवा लावून मॅच बघायला बसायची ती मनात एकच धरून, की आज रेफरीचं काहीतरी चुकू दे.

बँडमधल्या मुलांच्या आईवडिलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. मुलाने मला त्यात घातलं होतं, बहुधा मी त्याला कमी प्रश्न विचारावेत म्हणून. तिथे सगळे अमेरिकन, आणि मी एकटी दोह्याची. एरवी तिथे बसच्या वेळा आणि युनिफॉर्म धुण्याच्या सूचना यायच्या. पण निर्णय विरुद्ध गेला की त्या ग्रुपवर जे काही यायचं, ते वाचून मला आपल्या सोसायटीच्या मीटिंगा फार सभ्य वाटायला लागल्या. आपल्याला लुटलं. रेफरीला दुसऱ्या कॉलेजने विकत घेतलंय. एका वडिलांनी लिहिलं की या माणसाला तुरुंगात टाका. कोणीतरी त्याच्यासाठी चष्म्याची चित्रं पाठवायचं, कोणी आंधळ्याच्या काठीची. एकदा असाच बराच वेळ गदारोळ चालला होता आणि मला राहवलं नाही. मी लिहिलं, "निदान मुलं छान दिसली." मग एका आईने लाल बदाम पाठवला. ती कोण होती मला माहीत नाही. तो बदाम मी रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा बघितला.

नोव्हेंबर आला. दोह्यात नोव्हेंबर म्हणजे आमचं खरं नवीन वर्ष. एसी बंद होतात, खिडक्या उघडतात, माणसं कडक चहाचे कागदी कप घेऊन समुद्रावर बसतात. आणि मुलगा फोनवर म्हणाला की डिसेंबरात तो येणार आहे. नक्की. फक्त एकच होतं. टीम पुरेशा मॅच जिंकली तर वर्षाच्या शेवटी त्यांना एक जादा, मोठी मॅच मिळते, आणि मग बँडलाही टीमबरोबर जावं लागतं. तसं झालं तर सुट्टी तिकडेच. "बट लेट्स सी, आई. वुई नीड वन मोअर विन अँड वुई हॅव टू गेम्स लेफ्ट." म्हणजे दोनपैकी एक जिंकले की तो येणार नाही, आणि दोन्ही हरले तर येणार. त्याचा आवाज एकदम उत्साहात होता. मी म्हटलं, "बघू, जिंकाल." फोन ठेवला आणि त्याच्या खोलीतल्या गादीची चादर बदलली.

त्या दोनपैकी पहिली मॅच मी आयुष्यात विसरणार नाही. शेवटचे काही सेकंद राहिले होते. आपली टीम जरा मागे होती. मी "आपली" म्हणते, सवय झाली होती. आपल्या एका उंच पोराने मैदानाच्या टोकाला उडी मारून बॉल पकडला आणि बँड नाचायला लागला. तेवढ्यात पट्टेवाल्या पंचांतला एकजण हात हलवत आला. त्याचं म्हणणं, पाय रेषेबाहेर पडला. रेफरी टीव्हीत बघायला गेला. पडद्यावर त्या पोराचा बूट इतक्या वेळा, इतक्या जवळून दाखवला की मला त्याची लेस पाठ झाली. खरं सांगते, पाय आत होता की बाहेर, मला आजही ठरवता येत नाही. बुटाच्या टोकाशी जरासा खडू उडाल्यासारखा दिसायचा आणि नंतरच्या कोनातून नाही दिसायचा. रेफरी परत आला, माइक सुरू केला आणि म्हणाला की निर्णय कायम. संपलं. आम्ही हरलो.

मग जे झालं त्याला नुसता राग म्हणत नाहीत. आख्खं स्टेडियम गुरगुरायला लागलं. बाटल्या मैदानात पडायला लागल्या. एक म्हातारा गृहस्थ आपली टोपी पायाखाली तुडवत होता. आणि कॅमेरा बँडवर आला. बँडमधल्या मुलांनी टोप्या काढल्या होत्या. मला वर्षभरात पहिल्यांदा माझ्या मुलाचा पूर्ण चेहरा दिसला. रोडावला होता. केस वाढले होते. दाढी ठेवली होती, आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं. तो दोन्ही झांजा एका हातात धरून, दुसरा हात पसरून रेफरीकडे बघून ओरडत होता. आवाज येत नव्हता. पण तो काय म्हणत होता ते मला कळलं. तो म्हणत होता, "डोळे फुटले का?"

हे माझं वाक्य आहे. हे मी दिवसातून दहा वेळा म्हणते. इंडिकेटर न देता वळणाऱ्या गाड्यांना म्हणते, दुधाचं पातेलं भरलेलं असताना त्याला धक्का मारणाऱ्याला म्हणायचे, ठेका सोडून झांज वाजवणाऱ्याला आरती संपल्या संपल्या म्हणायचे. तो ते ऐकत मोठा झाला आणि माझ्यासमोर त्याने ते एकदाही उच्चारलं नाही. माझ्यासमोर तो इंग्रजीत चिडतो.

मी ह्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, आवाज नव्हता ना? इंग्रजीत शिवी दिली असेल. तिच्यातही फ असतोच."

"मी काय करते दिवसभर?" मी विचारलं.

मी अल मन्सूरात एका दाताच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला बसते. भूल दिलेले, अर्धं तोंड लुळं पडलेले पेशंट माझ्यासमोर उभे राहून पुढची अपॉइंटमेंट मागतात. मल्याळी, फिलिपिनो, सुदानी, सगळे. कोणाचा एक शब्द नीट फुटत नाही आणि मला सगळ्यांचं कळतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघते. इंग्रजी शिवी देताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. माझ्या मुलाचे दोन्ही ओठ मिटून उघडले होते, 'फुटले' म्हणताना मिटतात तसे. हे सगळं मी ह्यांना सांगितलं.

"बरं बाई," ते म्हणाले. "जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. ते चित्र मागे नेऊन नेऊन मी पुन्हा बघत होते. शेवटी माझ्या लक्षात आलं की मीही त्या रेफरीसारखीच टीव्हीपुढे उभी आहे, आणि मग मला रडू आलं. आनंदाने आलं की कशाने, ते विचारू नका. पोरगं दोन समुद्रांपलीकडे चिडलं होतं, दुखावलं होतं, रोडावलं होतं, आणि माझ्या मनात कोणीतरी हळूच म्हणत होतं, हरले. एक हरले. आता एकच राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा स्वतःहून फोन आला. कॅमेरा बंदच होता. पण तो बोलला! पाऊण तास बोलला. पाय आत होता, दुसऱ्या कोनातून स्पष्ट दिसतं, त्या रेफरीने मागच्या वर्षीही असंच केलं होतं, सगळ्या हॉस्टेलमध्ये कोणी झोपलं नाही. मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं आणि मला ते संपू नये असं वाटत होतं. मी मधे मधे "हो ना", "काय हा माणूस", "त्याला कोणी ठेवलं तिथे" असं घालत राहिले. तुरुंगात टाका म्हणणाऱ्या त्या वडिलांचं वाक्यही वापरून टाकलं. तो हसला.

मग मी विचारलं, "तू काय ओरडत होतास रे त्याला? मला टीव्हीवर दिसलास."

"मी? आय डोन्ट नो, आई. एव्हरीवन वॉज स्क्रीमिंग."

"मराठीत ओरडलास का?"

"व्हॉट? नो." मग म्हणाला, "आय डोन्ट नो. मेबी."

मी पुढे ताणलं नाही. दाढीबद्दलही काही म्हटलं नाही, आल्यावर समोर बसवून म्हणणार होते. त्याने विचारलं, "आई, नेक्स्ट वीक बघशील ना?" "बघशील ना" हे मराठीत विचारलं. मी म्हटलं, बघीन.

तो आठवडा मी फार कामात काढला. क्लिनिकवरून येताना मटकी आणली, त्याला माझ्या हातची मिसळ आवडते. मटकीला मोड यायला एक दिवस पुरतो आणि तो यायला महिना होता, तरी आणली. ओल्या खोबऱ्याच्या वड्या करून फ्रीझरमध्ये ठेवल्या. देवासमोर रोज दिवा लावायची, पण हात जोडले की गप्प व्हायची. कुठल्या तोंडाने मागणार? माझं पोर ज्या गोष्टीसाठी जीव तोडून ओरडत होतं, तीच त्याच्या हातून जावी, असं? आईने असं मागायचं? मी मागितलं नाही. पण मला ते हवं होतं. मला ते हरायला हवे होते, आणि हरताना निदान एकदा रेफरीने खेळ थांबवायला हवा होता. हे मी कोणालाच सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही.

शेवटची मॅच लागली तेव्हा खिडकी उघडी होती. खालच्या मजल्यावर टीव्हीवर खरा फुटबॉल चालू होता आणि तिथली माणसं दर दोन मिनिटांनी ओरडत होती. ह्यांची ड्यूटी होती. मी ताट वाढून घेतलं आणि बसले.

आपली पोरं अशी खेळली की बघत राहावं. पहिल्यापासूनच पुढे होती. बॉल कोणाच्या हातून निसटला नाही, कोणाचा पाय रेषेजवळ गेला नाही. समोरची टीम बिचारी कशावरूनही भांडेना. एकदा पट्टेवाले दोघं एकमेकांशी काहीतरी बोलायला जवळ आले, मी ताट बाजूला ठेवून उठून उभी राहिले, पण ते नुसते हसले आणि आपापल्या जागी गेले. रेफरी त्या छोट्या टीव्हीकडे एकदाही फिरकला नाही. मॅच संपल्यावर खेळाडू मैदानात धावले, प्रशिक्षकाच्या डोक्यावर पाणी ओतलं, समालोचक ओरडत होते. बँड वाजत असणार. कॅमेरा खेळाडूंवरच होता, आणि मग जाहिराती लागल्या.

ग्रुपवर नुसता जल्लोष. त्याच वडिलांनी लिहिलं होतं की आज रेफरी उत्तम होते. मोठ्या मॅचला कोणत्या गावी जायचं, हॉटेलं कुठली, यावर लगेच चर्चा सुरू झाली. जिने मला बदाम पाठवला होता तिने विचारलं होतं, कोण कोण येणार?

ताट घासून ठेवलं तेव्हा फोन वाजला. मेसेज होता. पाठोपाठ दोन.

"आई!!! वुई डिड इट!!!"

"बेस्ट गेम एव्हर. नॉट वन बॅड कॉल."

मी लिहिलं, "हो रे. बघितलं मी. एकदाही खेळ थांबला नाही."